चाळीस किलो भिरंडे आणि चार उत्तरे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात बायकांचा बचत गट दर उन्हाळ्यात भिरंडाची सोले करतो. भिरंड म्हणजे कोकम. फळ कापायचे, बी आणि गर काढायचा, साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. या रसाला आगळ म्हणतात आणि प्रत्येक बुडवणीला पुट. उघड्या अंगणात एका घाण्याला सात-आठ दिवस जातात. फळ पिकते एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सरी येतात मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी असतो. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदीही त्याच दिवसांत होते. म्हणजे माल विकला जाण्याचे दिवस आणि माल भिजून बुरशी धरण्याचे दिवस एकच.

अक्षय ऊर्जा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गातल्या चौघांनी दुसऱ्या सत्रासाठी हाच प्रश्न घेतला: ४० किलो ओली साल ३ दिवसांत वाळवणारा सोलर ड्रायर. प्रकरण वर्गातल्या चर्चेसाठी बेतले आहे, म्हणून गट, गाव आणि संस्था यांना नावे नाहीत. वजने, तापमाने आणि वाऱ्याचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील असे दिले आहेत. कॅल्क्युलेटर शेजारी ठेवून वाचले तर अधिक बरे.

काम कसे वाटले गेले

चौघांच्या पदव्या वेगळ्या होत्या: यांत्रिकी, विद्युत, रासायनिक आणि कृषी. ड्रायरचेही चार भाग दिसत होते, त्यामुळे वाटणी दहा मिनिटांत झाली. यांत्रिकीवाल्याकडे हवा तापवणारा कलेक्टर. रासायनिकवाल्याकडे वाळवणीची पेटी आणि ट्रे. विद्युतवाल्याकडे पंखा, सौर पॅनेल आणि सेन्सर. कृषीवालीकडे गावातली पाहणी, खर्च आणि अहवाल. कामाचा तक्ता भिंतीवर लागला, प्रत्येक पट्टी वेगळ्या रंगाची.

त्या तक्त्यात एक गोष्ट कुठेच नव्हती: सालीतून काढायचे पाणी. ते कलेक्टरमध्ये नसते, पंख्यात नसते, सेन्सरमध्येही नसते. ते चारही भागांतून जाते. म्हणून ते कोणाच्याच नावावर पडले नाही.

एकदा गणित झाले होते, पण एकाच माणसाच्या वहीत. ताज्या सालीत ओव्हनमध्ये मोजलेले पाणी ८२ टक्के. ४० किलोंत घन भाग ७.२ किलो. १५ टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवायचे तर शेवटचे वजन ७.२ भागिले ०.८५, म्हणजे ८.५ किलो. काढायचे पाणी ३१.५ किलो. एक किलो पाणी उडवायला साधारण २.४ मेगाज्यूल धरले तर ७५.६ मेगाज्यूल, म्हणजे २१ युनिट. तीन दिवसांत, म्हणजे रोज ७ युनिट. गोव्यात एप्रिलमध्ये रोज चौरस मीटरमागे ६ युनिटच्या आसपास ऊन मिळते. एकूण कार्यक्षमता ३० टक्के धरली तर चौरस मीटरला १.८ युनिट, आणि कलेक्टर लागतो ४ चौ. मी.

गणितात चूक शोधून सापडत नाही. चूक गणिताच्या आधीची आहे.

काय बांधले

कलेक्टर: २ मी. × १ मी. चे दोन भाग, वर ४ मि.मी. टफन्ड काच, आत २४ गेजचा पत्रा आणि त्यावर फळ्याचा काळा मॅट रंग, पत्र्याखाली हवेसाठी ५ सें.मी. पोकळी, तळाशी ५० मि.मी. ग्लासवूल. पेटी १२ मि.मी. मरीन प्लायची, आत १० ट्रे, प्रत्येक ०.९ चौ. मी., दोन ट्रेंमध्ये १२ सें.मी. अंतर. ट्रेवर ४ किलो साल. गरम हवा खालून आत, वरून १५० मि.मी. च्या पाइपातून बाहेर. पाइपाच्या तोंडाशी १२० मि.मी. चा १२ व्होल्टचा अक्षीय पंखा, संगणकाच्या कपाटात असतो तसा. त्याला २० वॉटचे पॅनेल.

या पंख्याला पॅनेल थेट जोडले तर पंखा मरतो. बारा व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल हलक्या भारावर २० व्होल्टच्या पुढे जाते आणि ब्रशलेस पंख्यातले इलेक्ट्रॉनिक्स तेवढे सोसत नाही. पहिला पंखा असाच एका सकाळी गेला. मग मध्ये व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर आला. अशा चुका दिसतात, जळका वास येतो, दोनशे-चारशे रुपयांत सुटतात. त्यांची फारशी भीती नसते.

कलेक्टरचा उतार दक्षिणेकडे ३० अंश ठेवला होता. अक्षांश अधिक पंधरा हा नियम पुस्तकात असतो, पण तो हिवाळ्यासाठी. गोवा साडेपंधरा अंश उत्तरेला. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत दुपारी थोडा उत्तरेकडेच. भिरंडाच्या मोसमात ३० अंश दक्षिणेकडे तोंड केलेली काच दुपारच्या उन्हातला १३ टक्के वाटा सोडून देते. ८०० ऐवजी ७०० वॉट. हिशेब तीस अंशांच्या कोसाइनचा, ०.८६६.

फेब्रुवारीतली चाचणी

विद्यापीठाचे सत्र आणि झाडाचे सत्र जुळत नाही. बांधणी फेब्रुवारीत संपली, तेव्हा झाडावर भिरंड नव्हते. म्हणून बटाट्याच्या चकत्या वाळवल्या. चकत्या सुरेख वाळल्या. बटाट्याला मेणचट साल नसते (सोलून घेतला होता), आम्ल नसते, मीठ नसते, आणि बटाट्याला कुणी पुट देत नाही.

पंख्याची चाचणी त्याच आठवड्यात झाली, पण ट्रे न घालता. बाहेरच्या पाइपात पात्यांच्या अ‍ॅनिमोमीटरने वाऱ्याचा वेग २.३ मी. प्रति सेकंद आला. दीडशे मि.मी. पाइपाचे क्षेत्रफळ ०.०१७७ चौ. मी., म्हणजे ताशी सुमारे १४६ घनमीटर. हवे होते १५०. अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा पडला.

रिकाम्या पेटीतून हवा जाते यात समाधान कसले. अक्षीय पंखा मोकळ्या हवेत भरपूर वारा फेकतो आणि अडथळा आला की बसतो. या आकाराचा पंखा तोंड पूर्ण बंद केल्यावर फार तर ५०-६० पास्कल दाब देतो. दहा भरलेले ट्रे, एक वळण आणि कलेक्टरची पोकळी मिळून तेवढ्याच्या जवळ जातात. ही मोजणी पाच मिनिटांची होती. ट्रेवर ओली फडकी अंथरून केली असती तरी चालली असती.

पहिला घाणा

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ४० किलो साल भरली. वजन रोज सकाळी-संध्याकाळी लटकत्या काट्यावर, ट्रेनिशी, ट्रेचे वजन वजा करून.

पहिल्या दिवशी ४० चे ३१ किलो झाले. चौघे खूश. संध्याकाळी बचत गटातल्या बायका आल्या, त्यांनी साल आगळात बुडवली, निथळली आणि परत ट्रेवर मांडली. वजन ३८. रात्रीतून ३८.८. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ३१.३, पुट दिल्यावर ३७.३, सकाळी ३८.३. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ३१.३.

तीन दिवसांनंतर हवे होते साडेआठ किलो. काट्यावर होते ३१.३, आणि अजून एक पुट बाकी होते.

आकडे नीट वाचले तर ड्रायर झोपलेला नव्हता. तीन दिवसांत त्याने ९, ७.५ आणि ७, असे २३.५ किलो पाणी उडवले होते. दुपारी कलेक्टरमधून हवा ६८ अंशांवर बाहेर पडत होती. खालच्या दोन ट्रेंवरची साल कडेने कडक आणि तपकिरी झाली, आत मऊच. वरच्या तीन ट्रेंवर हात लावला तर ओल लागत होती. सहाच्या सुमारास पेटीच्या छताखाली थेंब जमत आणि वरच्या ट्रेवर पडत. सोलाचा जांभळा-काळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तो फार उष्णतेत टिकत नाही. साठ अंशांच्या वर जाऊ नये हा साधा नियम.

बायकांपैकी एकीने पहिल्याच दिवशी एक गोष्ट दाखवली होती, तीही सांगावी. अर्धी कापलेली फळे वाटीसारखी असतात. विद्यार्थ्यांनी ती पालथी मांडली होती, कारण पालथी जास्त मावतात. बाहेरची साल मेणचट, पाणी निघते ते आतल्या बाजूने. उताणी मांडा म्हणाली. मांडली, तर ट्रेवर चार किलो मावेनात.

चार कागद

मध्य-सत्राच्या आढाव्याला मार्गदर्शकांनी आलेख पाहिलेच नाहीत. चौघांना चार कोरे कागद दिले आणि म्हणाले, ‘या यंत्राने एका घाण्यात किती पाणी काढायचे आहे ते लिहा. एकमेकांच्या कागदात डोकावू नका.’

कलेक्टरवाल्याने लिहिले ३१.५ किलो. पेटीवाल्यानेही ३१.५, पण दोन दिवसांत, कारण बटाटे दोन दिवसांत वाळले होते. पंखावाल्याने लिहिले ताशी १.३ किलो. साडेएकतीस किलोंना तीन दिवसांच्या चोवीस तासांनी भागून त्याला तो आकडा मिळाला होता आणि त्यावरच त्याने पंखा घेतला होता. कृषीवालीच्या कागदावर आकडा नव्हता. तिने लिहिले होते: ‘पुटे किती द्यायची ते आधी ठरवा, मग सांगते.’

पूर्ण प्रकल्पात बरोबर उत्तर फक्त या एका कागदावर होते.

पाहणी तिनेच केली होती. पुटांची गोष्ट अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात, ‘पारंपरिक पद्धत’ या मथळ्याखाली, व्यवस्थित परिच्छेदात लिहिलेली होती, फोटोसह. बाकी तिघांनी तो परिच्छेद वाचला होता. वाचला तो प्रस्तावना म्हणून. प्रस्तावनेतले वाक्य हे डिझाइनचे इनपुट असते हे कोणाच्या लक्षात आले नाही आणि तिलाही ते गणितात कुठे घालायचे हे कोणी विचारले नाही. वर्गात मुलाखतीच्या कामाला ‘सॉफ्ट’ काम म्हणायची एक वाईट खोड आहे. इथे त्या ‘सॉफ्ट’ कामात १४ किलो पाणी होते.

ते असे. तीन पुटांत साल ७, ६ आणि ५, एकूण १८ किलो आगळ पिते. मीठ आणि फळातले विद्राव्य घटक धरून आगळात साधारण २० टक्के घन भाग. म्हणजे १४.४ किलो पाणी वाढले आणि ३.६ किलो घन भागही वाढला. आता एकूण घन भाग १०.८ किलो, १५ टक्के ओलाव्याला शेवटचे वजन १२.७ किलो. काढायचे पाणी: ४० अधिक १८ वजा १२.७, म्हणजे ४५.३ किलो. मूळ आकड्याच्या जवळजवळ दीडपट.

याच हिशेबातून एक चांगली बातमीही निघाली, ती खर्चाच्या तक्त्यात आधी नव्हती: चाळीस किलो सालीतून साडेआठ नव्हे, पावणेतेरा किलो सोले मिळतात. पुटे म्हणजे नुसती चव नव्हे, वजनही आहे. बायकांना ते माहीत होते. म्हणून तर त्या पुटे देतात.

हवेचा हिशेब

पाण्याच्या चुकीने दिवस वाढले असते. पण वरचे ट्रे ओले का राहिले, त्याचे कारण हवेत होते.

पंख्याच्या हिशेबात एक किलो हवा किती पाणी उचलते हा आकडा एका तयार डिझाइनवरून आला होता. ते कोरड्या हवेच्या प्रदेशासाठी होते. समजा, तिथे दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता. एक किलो हवेत पाण्याची वाफ सुमारे ८.३ ग्रॅम. ही हवा ५५ अंशांपर्यंत तापवून ट्रेवरून नेली आणि ५० टक्के आर्द्रतेला बाहेर सोडली तर ती ३४ अंशांच्या आसपास थंड होते आणि किलोमागे सुमारे ८ ग्रॅम पाणी उचलते.

सत्तरीत एप्रिलच्या दुपारी ३३ अंश आणि ६५ टक्के धरा. हवेत आधीच २०.७ ग्रॅम वाफ. तीच ५५ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता २१ टक्क्यांवर येते, ऐकायला छान. पण ५० टक्क्यांना बाहेर पडते तेव्हा तापमान ४२ अंश असते आणि उचललेले पाणी किलोमागे ५.२ ग्रॅम. पुढे थंड होऊ द्यावी तर आर्द्रता चढते आणि वरच्या ट्रेवर पाणी सुटायचे थांबते. हे सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचे तापमान आणि तिच्यातली वाफ यांच्या आलेखावर, पट्टी ठेवून दोन मिनिटांत दिसते. चार्ट प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता, वातानुकूलनाच्या बाजूला.

तर रोज १०.५ किलो पाणी काढायला ८ ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला १३१० किलो हवा लागते, ५.२ च्या हिशेबाने २०२० किलो. आठ तासांत वाटली की ताशी अनुक्रमे १५० आणि २३० घनमीटर. गटाने १५० चा पंखा घेतला. भरलेल्या ट्रेंसह पाइपात वेग मोजला तर १.४ मी. प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९० घनमीटर. हवे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

वारा कमी म्हणून कलेक्टरमध्ये हवा जास्त वेळ राहिली, ६८ अंशांवर गेली. काच आणि पत्रा तापले, उष्णता मागे आकाशात गेली. जी हवा आत आली तिने खालच्या ट्रेवर साल भाजली आणि वर पोचेपर्यंत ओली झाली. तापमान जास्त म्हणजे वाळवणी जोरात, हा समज इथे उलटा पडतो. गटाच्या पहिल्या सादरीकरणात ६८ अंशांचा आलेख ठळक रंगात, यश म्हणून लावलेला होता.

राहिली रात्र. मिठाचा एक गुण आहे: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतून पाणी ओढते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते ते याचमुळे. सत्तरीतली एप्रिलची रात्र ७५ च्या वर सहज जाते. पेटीच्या दाराला गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, नव्हते, हवेची दोन्ही तोंडे उघडी होती, आणि मीठ लावलेली सोले रात्रभर पाणी पीत होती. दोन रात्रींत १.८ किलो. दार ‘पेटी’त येते की ‘हवेच्या मार्गा’त, यावर दोघांत थोडा वादही झाला. तोवर फट तशीच होती.

अठरा दिवसांत काय बदलायचे

सादरीकरणाला अठरा दिवस उरले होते. कलेक्टर दीडपट करावा असे यांत्रिकीवाल्याचे मत. काच, पत्रा आणि सुतार मिळून तेवढ्या दिवसांत ते होणारे नव्हते, आणि झाले असते तरी त्या पंख्याने ती उष्णता पेटीत पोचली नसती. शेवटी ठरले ते असे.

भार ४० वरून २४ किलोंवर आणला. हा सगळ्यांत जड निर्णय, कारण प्रस्तावात ‘४० किलो’ हा शब्द मथळ्यात होता. पण २४ किलोंचे पाणी ४५.३ च्या प्रमाणात २७.२ किलो होते, आणि उताणी मांडली की ट्रेवर अडीच किलोंच्या आसपासच साल नीट बसते. यंत्राची खरी क्षमता तीच होती. पहिल्या दिवसापासून.

पंखा काढून १२ व्होल्टचा, ४५ वॉटचा, अडथळ्यातही हवा ढकलणारा अपकेंद्री ब्लोअर बसवला, १०० वॉटच्या पॅनेलवर. बॅटरी मुद्दाम ठेवली नाही. ऊन असेल तेव्हाच उष्णता असते आणि तेव्हाच वारा हवा. ढग आला की दोन्ही एकदम मंदावतात. तापमानाला हा फुकटचा नियंत्रक. ब्लोअर आत येणाऱ्या बाजूला, कलेक्टरच्या आधी ठेवला, म्हणजे आम्लाची वाफ आणि गरम ओली हवा मोटरवरून जात नाही. भरलेल्या ट्रेंसह पाइपात वेग ३.६ मी. प्रति सेकंद आला. ताशी २३० घनमीटर. दुपारचे तापमान ६८ वरून ५६ अंशांवर उतरले.

कलेक्टरचे मागचे पाय कापून उतार १० अंश केला. त्याहून कमी नको, काचेवर धूळ आणि पाणी साचते.

ट्रेची जाळी बदलावी लागली. ही बाब पहिल्या घाण्यानंतर धुताना कळली. जाळी अ‍ॅल्युमिनियमची होती. भिरंडाचा रस चांगलाच आंबट, पीएच २ च्या आसपास, वर मीठ. जाळीवर पांढरी भुकटी आणि सोलांवर राखाडी डाग. अ‍ॅल्युमिनियमवर जो संरक्षक थर असतो तो आम्ल आणि क्लोराइड मिळून खातात. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलही मिठात हळूहळू बारीक खड्डे धरते, ३१६ महाग. बांबूच्या चौकटीवर खाद्य प्रतीची एचडीपीई प्लास्टिकची जाळी ताणून घेतली. साठ अंशांना ती टिकते. डाग पडलेली सोले विकली नाहीत, झाडाखाली पुरली.

दाराला सिलिकॉनची गॅस्केट पट्टी, हवेच्या दोन्ही तोंडांना सरकती झाकणे. नियम एकच: सूर्य टेकडीआड गेला की दोन्ही झाकणे बंद, सकाळी ऊन काचेवर आल्यावर उघडी. दुपारी बाराला वरचे पाच ट्रे खाली आणि खालचे वर. त्याला दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पेटी थंड होत नाही.

बाहेर पडणाऱ्या हवेतला स्वस्त आर्द्रता सेन्सर दुसऱ्या दिवसापासून ९९ टक्केच दाखवत होता. थेंब आणि आंबट वाफ यांनी तो गेला. त्याऐवजी दोन तापमान सेन्सर लावले, एकाला ओली वात गुंडाळलेली. ओल्या-कोरड्या तापमानावरून आर्द्रता काढणे जुने आहे, पण बिघडले तर कळते: वात सुकली की दोन्ही आकडे सारखे होतात.

दुसरा घाणा

२४ किलो. पहिल्या दिवशी ९.२ किलो पाणी गेले, वजन १४.८. पुट ४.२, वजन १९. दुसऱ्या दिवशी ७.६ गेले, ११.४ उरले. पुट ३.६, वजन १५. तिसऱ्या दिवशी ६ गेले, ९ उरले. पुट ३, वजन १२. चौथ्या दिवशी ४.२ गेले, ७.८ किलो सोले. रात्रीची वाढ काट्याच्या चुकीच्या आतली. ओलावा १७ टक्के, सात-आठ दिवसांचे काम चारात.

वरचा आणि खालचा ट्रे यांच्यात अजूनही फरक होता, पण तो बोटांनी चाचपून कळेल इतकाच. पुट संध्याकाळीच का, सकाळी का नको, हा प्रश्न चर्चेत यायला हवा. संध्याकाळी दिले तर रस रात्रभर मुरतो, सकाळी दिले तर वरवर राहतो आणि उन्हात आधी वरचा थर वाळतो. बायका संध्याकाळीच देतात.

तोंडी परीक्षा

परीक्षकांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. पहिल्या घाण्याची कार्यक्षमता २२ टक्के (२३.५ किलो पाणी, १५.७ युनिट, तीन दिवसांचे ७२ युनिट ऊन) आणि सुधारलेल्या यंत्राची १९ टक्के (२७ किलो, १८ युनिट, चार दिवसांचे ९६). म्हणजे सगळा खटाटोप करून यंत्र बिघडवले का?

उत्तर पंखावाल्याने दिले आणि ते दिवसागणिक होते. सुधारलेल्या यंत्राचा पहिला दिवस जवळजवळ २६ टक्के, चौथा १२. साल ओली असताना पाणी पृष्ठभागावरून सहज जाते. शेवटी ते आतून हळूहळू झिरपत बाहेर येते आणि कितीही वारा-उष्णता द्या, वेग सालीच्या हातात असतो. पहिल्या घाण्यात हा अवघड शेवट आलाच नव्हता. तो अर्धवट सोडलेला घाणा होता, म्हणून त्याचा आकडा देखणा. ज्याला भरपूर ओला माल सतत मिळतो आणि जो कधीच पूर्ण वाळवत नाही, त्या ड्रायरची कार्यक्षमता सगळ्यांत चांगली दिसते. अहवालात मग टक्क्यांशेजारी दोन आकडे ठेवले: किलो सोलामागे लागलेले दिवस आणि रात्रीत परत आलेले पाणी.

दुसरा प्रश्न: पाऊस आला तर? नारळाच्या सोडणांवर चालणारी भट्टी जोडता येते, पण धूर हवेत मिसळू न देता, पाइपांच्या उष्मा-विनिमयकातून. काजूची टरफले सहज मिळतात, पण त्यांच्या तेलाचा धूर दाहक असतो, खाद्यपदार्थाजवळ नकोच. गटाने भट्टी बांधली नाही आणि ‘भविष्यातील काम’ या सदरात टाकूनही दिली नाही. घाणा १५ मेच्या पुढे सुरू करू नये, असे सरळ लिहिले. लवकर पिकणारी, कोकण अमृतासारखी जात लावली तर पावसाचा प्रश्न निम्म्याने ड्रायरविना सुटतो, हे कृषीवालीने सांगितले आणि ते तिच्या तीन सहकाऱ्यांना फारसे रुचले नाही.

गुणदानात एक बदल मार्गदर्शकांनी पुढच्या वर्षासाठी केला: प्रत्येक गटाच्या अहवालाचे पहिले पान म्हणजे पाण्याचा, उष्णतेचा आणि हवेचा एकच ताळेबंद, त्यावर चौघांच्या सह्या. कोणत्याही भागाचा आकडा बदलला की पान नव्याने छापायचे आणि जुने फाडायचे नाही, मागे टाचून ठेवायचे.

गावात ठेवलेला कागद

यंत्र बचत गटाकडे राहिले. दारावर आतून चिकटवलेला कागद मराठीत आहे, प्लास्टिकमध्ये घातलेला. त्यावर:

२४ किलोंच्या वर साल भरू नये. वाट्या उताण्या. दुपारी बाराला ट्रेंची अदलाबदल. संध्याकाळी झाकणे बंद. घाणा संपला की जाळ्या गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्या, मीठ राहिले तर पुढच्या रात्री पेटी पाणी ओढते. काच दर आठवड्याला पुसावी. जून लागायच्या आधी ब्लोअर आणि कन्व्हर्टर काढून घरात ठेवावेत, पॅनेलची वायर टेप लावून बंद करावी, कलेक्टरची दोन्ही तोंडे कापडाने बांधावीत, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाशा घर करतात.

शेवटची ओळ पेनने, वेगळ्या अक्षरात, नंतर लिहिलेली: पुटे तीनच, चौथे द्यायचे असेल तर एक दिवस वाढवावा.